नारायण गंगाराम सुर्वे : एका नावाचा इतिहास



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय सुचवला तो ‘अमेरिकेतील एखाद्या आधुनिक कवीचे जीवन व कार्य’ असा. मी त्यांना म्हटले, अमेरिकेतला कवी मी अवश्य घेऊन येतो, पण त्याची ओळख करून द्यायची तर आधी आपल्याला लोणावळ्याहून घाट उतरून कर्जतच्या पलीकडे नेरळपर्यंत जावे लागेल. त्या गावी आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे काढलेला एक मराठी कवी आधी समजून घ्यावा, मग अमेरिकेचा कवी आपोआप समजेल. चालकांनी मोठ्या मनाने ही अदलाबदल मान्य केली, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

माझ्या अधिकाराविषयी दोन शब्द आधीच सांगितलेले बरे. मी साहित्याचा पदवीधर नाही. माझी शाळा नववीत सुटली. गेली तीस-बत्तीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करीत आहे, आणि माझे सारे लेखन म्हणजे अर्ज, निवेदने, संपाच्या नोटिसा आणि सभेची इतिवृत्ते. कविता मी वाचू लागलो तो संघटनेच्या कचेरीत, रात्रपाळीचे लोक सुटण्याची वाट पाहताना. कोणीतरी वाचनालयातून आणून परत करायला विसरलेले एक पातळ पुस्तक टेबलाच्या खणात पडले होते. त्यावर नाव होते नारायण सुर्वे. ते पुस्तक मी दंडासह परत केले, पण तोवर ते माझे होऊन गेले होते.

आज मला त्या कवीच्या चरित्रातली एकच बाजू आपल्यापुढे मांडायची आहे, आणि ती म्हणजे त्याचे नाव. हे नाव कोठून आले, कोणी दिले, ते कोठे कोठे लिहिले गेले, आणि ज्यांची नावे कोठेच लिहिली जात नाहीत त्यांच्याविषयी ते आपल्याला काय विचारते, हा आजचा विषय.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली उभारायला घेतली. त्यानंतरच्या साठ-सत्तर वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी, भायखळा हा सारा भाग गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला आणि त्याला गिरणगाव हे नाव पडले. या गिरण्यांना माणसे पुरविली कोणी? रत्नागिरी आणि सातारा या जिल्ह्यांनी मुख्यतः, आणि त्यांच्याबरोबर आपल्या पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यानेही. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांत पाऊस अमाप आणि जमीन उताराची. भात निघाले की हात रिकामे. मग घरातला एक भाऊ शेतीवर आणि एक मुंबईला, अशी वाटणी ठरलेली. मुंबईच्या कचेऱ्यांतून जेवणाचे डबे पोचवणारे डबेवाले याच भागातले, हे तर आता जगालाही ठाऊक झाले आहे. गिरणीत गेलेल्या माणसांचे मात्र तेवढे नाव झाले नाही.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, गिरणीत साचेवाले होते. सणाला ते गावी येत तेव्हा त्यांच्या खिशात एक पितळी बिल्ला असे. त्यावर नाव नव्हते, आकडा होता. गिरणीत माणसाला तिकीट नंबराने ओळखत. जॉबर हाक मारी ती नंबराने, पगार मिळे तो नंबराने, आणि खाडा लागे तोही नंबरालाच. लहानपणी मला त्या बिल्ल्याचे फार आकर्षण होते. मी एकदा विचारले, ‘नाना, यावर तुमचं नाव का नाही?’ नाना म्हणाले, ‘बाळा, नाव गावाकडं असतं.’ हे उत्तर मला त्या वेळी कळले नाही. ते कळण्यासाठी नारायण सुर्वे यांचे चरित्र वाचावे लागले.

नारायण सुर्वे यांची जन्मतारीख १५ ऑक्टोबर १९२६ अशी लावतात. लावतात असे म्हणण्याचे कारण, त्यांना जन्म देणारे आईबाप कोण हे कोणालाच कळलेले नाही. मुंबईच्या गिरणगावात गंगाराम सुर्वे नावाच्या एका गिरणी कामगाराला ते टाकून दिलेले तान्हे मूल सापडले. गंगारामने ते उचलले, खोलीवर आणले, आणि त्याने व त्याच्या पत्नीने, काशीबाईने, ते आपले म्हणून वाढवले. काशीबाईही गिरणीत काम करणारी. दोघांची मिळकत ती किती असणार! चाळीच्या एका खोलीत किती माणसे आणि किती बिऱ्हाडे राहत, हे ज्यांनी गिरणगाव पाहिले त्यांना सांगायला नको. अशा ठिकाणी आणखी एक तोंड वाढवून घेणे हा हिशेबाने मूर्खपणाच होता. परंतु हा मूर्खपणा गंगारामने केला आणि मराठी भाषेला एक कवी मिळाला.

येथे क्षणभर थांबू. आपल्या समाजात आडनाव ऐकले की पुढचा प्रश्न न विचारताही बरेच काही समजते. गाव समजते, जात समजते, पंगतीत कोठे बसवायचे तेही एके काळी समजत असे. परंतु या मुलाच्या आडनावावरून काय समजणार? त्याचे कुळ ठाऊक नाही, जात ठाऊक नाही, धर्मही ठाऊक नाही. ‘नारायण गंगाराम सुर्वे’ या तीन शब्दांतून एवढेच कळते की एका गिरणी कामगाराला एका अनोळखी जिवाची दया आली. महाराष्ट्रात इतके स्वच्छ नाव दुसऱ्या कोणाचे असेल असे मला वाटत नाही.

या नावाला परीक्षाही लवकरच द्यावी लागली. गंगाराम कामातून निवृत्त झाला आणि कोकणातल्या आपल्या गावी परत निघाला. नारायण तेव्हा पोरवयाचाच होता आणि त्याची शाळा चौथीच्या आसपास थांबली होती. जाताना गंगारामने त्याच्या हातात दहा रुपये ठेवले. मुंबई शहर, पाठीशी कोणी नाही, आणि दहा रुपये. कोणी म्हणेल, ज्याने वाढवले त्यानेच शेवटी सोडले. मी तसे म्हणणार नाही. त्या काळी गिरणी कामगाराला आजच्यासारखा भविष्यनिर्वाह निधी नव्हता, निवृत्तिवेतन नव्हते. म्हातारा कामगार गावी जाई तो बहुधा भावकीच्या दारात जाई. अशा माणसाने दहा रुपये काढून दिले, याचे मोल दहा रुपयांच्या हिशेबाने करता येणार नाही.

पुढची वर्षे नारायणाने जी कामे केली त्यांची यादी पाहा. घरगडी, हॉटेलात कपबश्या विसळणारा पोऱ्या, श्रीमंताच्या घरचे कुत्रे सांभाळणारा, घरोघर दूध टाकणारा, हमाल, गिरणीतला कामगार. मग महापालिकेच्या शाळेत शिपाई. शिपाई असतानाच त्याने सातवीची परीक्षा दिली आणि तो महापालिकेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक झाला. ज्या शाळेची घंटा वाजवायची, तशाच शाळेच्या फळ्यासमोर उभे राहायचे, हा प्रवास कागदावर दोन ओळींचा आहे. तो करायला किती रात्री लागल्या असतील, हे दिवसा काम आणि रात्री अभ्यास ज्यांनी केला आहे त्यांनीच सांगावे.

या प्रवासात त्याच्या सोबत कृष्णाबाई होत्या. त्यांनी पुढे ‘मास्तरांची सावली’ या नावाने आपले आत्मकथन लिहिले. कवीच्या घरात पीठ कोठून येते, पाहुणा आला तर कोणाच्या ताटातले कमी होते, याची नोंद कवीच्या चरित्रात सहसा नसते. ती कृष्णाबाईंनी केली आहे. सुर्वे वाचणाऱ्याने हे पुस्तकही अवश्य वाचावे. ते वाचल्यावर कवीविषयीचा आदर कमी होत नाही. मात्र तो दोघांत वाटून द्यावा लागतो.

आता कवितेकडे वळू. परंतु कवितेच्या आधी चळवळ येते, आणि मी कामगार संघटनेचा माणूस असल्यामुळे ती टाळून पुढे जाणार नाही. गिरणी कामगारांची संघटना बांधण्याचा पहिला प्रयत्न सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून केला आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. आज रविवारी आपण जो निवांत चहा घेतो, त्यात लोखंड्यांचा वाटा आहे. त्यानंतर १९२८ च्या मोठ्या संपातून गिरणगावात लाल बावटा रुजला. १९४४ च्या सुमारास अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. कामगार मैदानावर डफ वाजू लागला की चाळी रिकाम्या होत. नारायण सुर्वे या वातावरणात वाढले, कम्युनिस्ट चळवळीत काम करू लागले, आणि गाणी लिहू लागले. डोंगरउतारावरच्या शेताचे त्यांचे एक गाणे तर असे लोकांच्या तोंडी बसले की ते लोकगीतच आहे असे अनेकांना आजही वाटते. कवीचे नाव पुसले जाऊन गाणे लोकांचे व्हावे, याहून मोठा मान कवीला कोणता? तथापि ज्याला नाव इतक्या कष्टाने मिळाले त्याचेच नाव गाण्यावरून गळून पडावे, ही गंमतही लक्षात घेण्यासारखी आहे.

१९६२ साली त्यांचा पहिला संग्रह आला, ‘ऐसा गा मी ब्रह्म’. १९६६ साली ‘माझे विद्यापीठ’, १९७५ साली ‘जाहीरनामा’, आणि पुढे ‘सनद’ व ‘नव्या माणसाचे आगमन’. पुस्तकांची संख्या मोठी नाही. परंतु या नावांकडेच पाहा. ब्रह्म, विद्यापीठ, जाहीरनामा, सनद! हे सारे शब्द दुसऱ्यांच्या मालकीचे होते. ब्रह्म पंडितांचे, विद्यापीठ पदवीधरांचे, जाहीरनामा सरकारचा, सनद राजाची. चौथीत शाळा सुटलेला माणूस एकेक शब्द उचलून आपल्या खोलीत आणून ठेवतो, हे या कवीने केले. ‘माझे विद्यापीठ’ या नावाशी मिळतेजुळते नाव रशियाच्या मॅक्झिम गॉर्कीनेही आपल्या आत्मकथेच्या एका भागाला दिले आहे. तोही असाच पोरका, आणि असाच रस्त्यावर शिकलेला.

मराठी कवितेत यंत्र आणि गर्दी सुर्व्यांच्या आधीही आली होती. बा. सी. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ सालचा. त्यांनी यंत्रयुगातल्या माणसाची जी अवस्था पाहिली ती पाहून मराठी वाचक हादरला, आणि ते योग्यच होते. परंतु मर्ढेकरांनी ती गर्दी खिडकीतून पाहिली. त्यांना ती गर्दी दिसली. त्या गर्दीतली माणसे एकमेकांना कोणत्या नावाने हाक मारतात हे ऐकू येण्याइतके ते जवळ नव्हते. सुर्वे गर्दीच्या आत उभे होते. आत उभ्या असलेल्या माणसाला गर्दी दिसत नाही. त्याला शेजारचा खांदा लागतो, घामाचा वास येतो, आणि कोण कोणाचा कोण हे ठाऊक असते. म्हणून त्यांच्या कवितेत हमाल, विक्रेते, वेश्या, पोस्टर चिकटवणारे, संपातले सोबती हे सारे आपापल्या बोलीत बोलतात. कार्ल मार्क्स हा एवढा मोठा तत्त्वज्ञ, पण तोही या कवीला ग्रंथालयात भेटत नाही. तो त्याला पहिल्या संपाच्या वेळी, मोर्चाच्या गर्दीत भेटतो आणि चाळीतल्या ओळखीच्या माणसासारखा चौकशी करतो.

आता त्यांच्या ज्या कवितेचा मला विशेष उल्लेख करावयाचा आहे ती शाळेची आहे. ती मी म्हणून दाखवणार नाही; ती आपण पुस्तकातूनच वाचावी. प्रसंग तेवढा सांगतो. लालबत्तीच्या वस्तीतली एक बाई आपल्या मुलाला शाळेत घालायला येते. मास्तर हजेरीपट उघडून मुलाच्या बापाचे नाव विचारतात. बाईजवळ त्याचे उत्तर नाही. आणि मग ती आपल्या गावरान बोलीत मास्तरांनाच सुचवते की रकान्यात तुमचेच नाव घाला. श्रोतेहो, कवितेतला मास्तर कोण आहे हे विसरू नका. ज्याच्या स्वतःच्या बापाचा रकाना एका गिरणी कामगाराने आपल्या नावाने भरला होता, त्याच्याच हातात आता लेखणी आहे आणि रकाना कोरा आहे. गंगारामने रस्त्यावर जे केले, तेच ती बाई मास्तराकडे मागते आहे. एका पिढीचे ऋण दुसऱ्या पिढीला फेडायची वेळ आली आहे. समाज म्हणजे काय, या प्रश्नावर मी पुष्कळ जाड पुस्तके वाचली, पण त्या एका रकान्याइतके स्पष्ट उत्तर मला त्यांत सापडले नाही.

या कवितेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. सुर्व्यांची कविता घोषणा देते, सभेतल्या भाषणासारखी बोलते, असे काही जाणकार म्हणतात. काही कवितांच्या बाबतीत हे खरे आहे, हे मी भाषणाचाच धंदा करणारा माणूस मान्य करतो. घोषणा लिहिणे सोपे असते. आम्ही एका रात्रीत दहा लिहितो. परंतु शाळेतल्या त्या बाईची कविता घोषणा नव्हे. तिच्यात कोणालाही दोष दिलेला नाही, कोणाचाही धिक्कार नाही. एक बाई विनंती करते आणि कविता संपते. जेथे सुर्वे घोषणेपासून दूर राहिले तेथेच ते सर्वांत बंडखोर झाले, असे माझे मत आहे.

त्यांच्यानंतर वाट रुंद झाली. १९६३ साली बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला, १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. या सर्वांचे दुःख एक नव्हते आणि भाषाही एक नव्हती. जातीने दिलेले दुःख आणि गिरणीने दिलेले दुःख यांत फरक आहे, आणि तो पुसू नये. परंतु ज्या वस्तीचे नाव साहित्याच्या नकाशावर नाही तिची भाषा साहित्यात चालते, ही गोष्ट या दहा वर्षांत सिद्ध झाली.

आता कबूल केल्याप्रमाणे अमेरिकेचा कवी. त्याचे नाव फिलिप लेव्हिन. सुर्व्यांहून सव्वा वर्षाने लहान. जन्म १० जानेवारी १९२८, मोटारींच्या कारखान्यांचे शहर जे डेट्रॉइट, तेथे. रशियाकडून आलेल्या ज्यू कुटुंबातला. बाप पाच वर्षांचा असतानाच गेला. चौदाव्या वर्षापासून तो कारखान्यात काम करू लागला. मोटारींचे गिअर आणि आस जेथे घडवले जात, अशा कारखान्यांत त्याने पाळ्या केल्या, आणि तेथल्याच विद्यापीठात शिक्षण घेतले. त्याची पुढची वाट मात्र सुर्व्यांहून निराळी. १९५८ साली तो कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो येथे महाविद्यालयात शिकवू लागला आणि तेथेच निवृत्त झाला. त्याचा पहिला संग्रह १९६३ चा, म्हणजे ‘ऐसा गा मी ब्रह्म’च्या पुढच्याच वर्षीचा. काम म्हणजे काय असते, या विषयावरच्या त्याच्या संग्रहाला १९९१ साली तेथला राष्ट्रीय ग्रंथपुरस्कार मिळाला. १९९५ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. २०११ साली तो अमेरिकेचा राष्ट्रकवी नेमला गेला. १४ फेब्रुवारी २०१५ रोजी तो वारला.

१९९५ हे साल ध्यानात ठेवा. त्याच वर्षी परभणीला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी नारायण सुर्वे होते. हे दोघे एकमेकांना भेटले नाहीत, आणि एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. तरीही एकाच वर्षी, पृथ्वीच्या दोन बाजूंना, दोन कामगारांना त्यांच्या त्यांच्या भाषेने पहिल्या पंगतीत बसवले. मला यात योगायोगापेक्षा काही अधिक दिसते. विसाव्या शतकाने कारखाने उभारले, त्यांत कोट्यवधी माणसे राबवली, आणि त्या माणसांविषयी कोणी बोलावे याची व्यवस्था मात्र केली नाही. ते काम कारखान्यातूनच निघालेल्या माणसांना करावे लागले.

दोघांत एक फरकही आहे. लेव्हिनने डेट्रॉइट सोडल्यावर डेट्रॉइटवर लिहिले. मागे राहिलेल्या सोबत्यांची आठवण हा त्याच्या कवितेचा मोठा भाग आहे. सुर्व्यांना गिरणगाव सोडून दूर उभे राहण्याची चैन नव्हती. ते लिहीत होते तेव्हा भोंगे वाजत होते. त्यामुळे लेव्हिनची कविता आठवण काढते आणि सुर्व्यांची कविता हाक मारते. कोणती थोर, हा प्रश्न मी परीक्षकांवर सोपवतो. मला कारखान्याच्या फाटकापाशी हाकच अधिक उपयोगी पडली.

पण तो भोंगाही पुढे थांबला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. तो झिजून गेला. त्याच्याबरोबर गिरण्याही गेल्या. आमचे नाना त्या संपानंतर गावी परतले. येताना त्यांनी आणले काय? एक वळकटी, एक पत्र्याची पेटी, आणि तो पितळी बिल्ला. पुढे सरकारने गिरणी कामगारांना घरे देण्याचे ठरवले, आणि २०१२ साली म्हाडाने पहिली सोडत काढली. अर्जासोबत आपण गिरणीत होतो याचा पुरावा मागितला होता. वर्षानुवर्षे जो आकडा नानांचे नाव खाऊन बसला होता, तोच आकडा आता त्यांच्या नावाचा पुरावा झाला. लाखाहून अधिक अर्ज आले होते. नानांचा नंबर लागला नाही, आणि तो लागण्याची वाट पाहतच ते गेले.

सुर्व्यांना मानसन्मान मिळाले. १९९८ साली पद्मश्री मिळाली. १६ ऑगस्ट २०१० रोजी ठाण्यात त्यांचे निधन झाले. अरुण खोपकर यांनी त्यांच्यावर एक चित्रपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या चित्रपटाचे नाव आहे ‘नारायण गंगाराम सुर्वे’. दिग्दर्शकाने मधले नाव गाळले नाही. गिरणीत राबलेल्या गंगाराम सुर्व्याचे नाव अशा रीतीने पडद्यावर झळकले. मला वाटते, कवीला मिळालेला सर्वांत मोठा पुरस्कार हाच होय.

श्रोतेहो, येथवरचा इतिहास सांगून मी खाली बसलो असतो तर माझे व्याख्यान सुखाचे झाले असते. परंतु एक गोष्ट सांगितल्यावाचून मला या कवीचे नाव घेण्याचा अधिकार उरत नाही.

१९९८ सालची गोष्ट. आपल्याच तालुक्यातल्या एका कारखान्यात मराठवाड्यातून आलेला एक मुलगा ठेकेदाराकडे कामाला होता. रात्रपाळीत प्रेस मशीनखाली त्याची तीन बोटे गेली. सोबत्यांनी त्याला दवाखान्यात नेले आणि सकाळी माझ्याकडे आणले. आम्ही कारखान्यात गेलो. कारखाना म्हणाला, हा आमचा कामगार नाही, आमच्या मस्टरवर याचे नाव नाही. ठेकेदाराकडे गेलो तर त्याच्या वहीतही नाव नव्हते. वास्तविक १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराला नोंदवही ठेवावी लागत होती, आणि १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने मुख्य मालकाला हात झटकता येत नव्हते. परंतु कायदा लागू व्हायला आधी माणूस तेथे होता हे सिद्ध व्हावे लागते. तो मुलगा हाताला फडके गुंडाळून बसला होता आणि पुन्हा पुन्हा एवढेच म्हणत होता, ‘मी होतो हो तिथं.’

शेवटी पुरावा सापडला तो फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर. टपरीवाल्याच्या उधारीच्या वहीत त्याचे नाव होते, तारखांसह, रोजच्या दोन चहांसह. त्या वहीच्या आधाराने आणि सोबत्यांच्या साक्षींनी चार वर्षांनी प्रकरण मिटले. मिळालेली रक्कम बोटांच्या मानाने काहीच नव्हती.

लोक मला या प्रकरणाबद्दल शाबासकी देतात, म्हणून उरलेला भाग सांगतो. ज्या दिवशी मी त्या कारखान्याला मोठ्या आवाजात विचारले की तुमच्या मस्टरवर याचे नाव का नाही, त्याच रात्री मी आमच्या संघटनेची सभासद वही उघडली. तिच्यातही त्याचे नाव नव्हते. त्याचेच काय, एकाही कंत्राटी मुलाचे नव्हते. आमची संघटना कायम कामगारांची होती. कंत्राटी पोरे वर्गणी कोठून देणार, आज आहेत तर उद्या नाहीत, आणि त्यांना घेतले तर आपल्या मागण्या मागे पडतील, असे आम्ही ठरावात कधी लिहिले नाही. परंतु वागलो तसेच. मालकाने नफ्यासाठी त्याचे नाव लिहिले नाही, आम्ही सोयीसाठी लिहिले नाही, आणि टपरीवाल्याने दोन चहांच्या पैशांसाठी का होईना, ते लिहिले. त्या रात्री मला ती शाळेतली कविता पुन्हा आठवली. रकाना माझ्यापुढेही कोरा होता, लेखणी माझ्याही हातात होती, आणि मी कित्येक वर्षे ती टेकवली नव्हती.

पुढे आम्ही वही बदलली. त्यावरून संघटनेत भांडणे झाली, काही जुने सभासद सोडून गेले, आणि त्यांतले काही माझ्याशी अजूनही बोलत नाहीत. त्यांचा राग मला समजतो. आपले थोडके आहे ते वाटून घ्यावे लागेल ही भीती खोटी नसते. परंतु गंगाराम सुर्व्याचे तरी कोठे फार होते?

आपल्याकडे एखाद्या थोर माणसावर व्याख्यान झाले की त्याच्या चरित्रापासून आपण काय शिकावे, हे सांगण्याची रीत आहे. बहुतेक वक्ते सांगतील की सुर्व्यांपासून जिद्द शिकावी. गरिबीतून वर कसे यावे ते शिकावे. मला हे अपुरे वाटते. वर आला तो एक नारायण. खाली राहिलेले किती, त्यांची मोजदाद कोणी केली? मी म्हणतो, नारायणापासून जिद्द शिका, परंतु गंगारामापासून त्याहून अधिक शिका. नारायण होणे सर्वांना साधणार नाही. त्याला प्रतिभा लागते. गंगाराम होण्याला प्रतिभा लागत नाही. रस्त्यावर काय पडले आहे ते पाहायला थांबावे लागते, एवढेच.

या पंचक्रोशीत आज हॉटेले आहेत, बंगले आहेत, पलीकडे तळेगाव-चाकणचे कारखाने आहेत. तेथे बिहारचा, ओडिशाचा, मराठवाड्याचा मुलगा काम करतो. आपण त्याला ‘ए भैया’ म्हणतो किंवा ‘ए पोऱ्या’ म्हणतो. एके काळी मुंबईने आपल्या आज्यापणज्यांना ‘घाटी’ म्हणूनच हाक मारली होती, हे आपण विसरलो. उद्या सकाळी असा मुलगा आपल्याला चहा आणून देईल, तेव्हा त्याला त्याचे नाव विचारा. दुसऱ्या दिवशी ते लक्षात ठेवा. त्याने क्रांती होणार नाही, हे मी चळवळीतला माणूस असूनही आपल्याला सांगतो. परंतु जी क्रांती माणसाचे नाव विचारीत नाही, ती शेवटी त्याला एक नंबरच देते.

नानांचा तो पितळी बिल्ला आता माझ्याकडे आहे. त्याच्या मागच्या, कोऱ्या बाजूवर मी गावातल्या एका कारागिराकडून त्यांचे नाव कोरून घेतले आहे, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. नाव गावाकडे असते, असे ते म्हणाले होते. ते आता दोन्ही बाजूंना आहे.